तपासलेली, पण परत न मिळालेली उत्तरपत्रिका

(१९६९ च्या मॅट्रिकच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "विषय तुझा तू ठरव, वेळ वीस मिनिटं, फक्त राजकारण नको." मी ते मान्य केलं. या मांडवात सगळ्या पक्षांना मतं देणारी माणसं बसली आहेत आणि थोड्या वेळाने आपल्याला एका पंगतीत जेवायचं आहे. म्हणून पक्षाचं राजकारण आज नाही. पण राज्य करणाऱ्यांनी आपल्याशी कसं वागावं, विशेषतः युद्धाच्या काळात आणि युद्ध संपल्यावर, हा विषय पक्षाचा नाही. तो नागरिकशास्त्राचा आहे. आपल्या वेळी नागरिकशास्त्राला मार्क कमी असायचे, म्हणून आपण तो शेवटी वाचायचो. आज तो आधी घेऊ या.

मी बोलणार आहे १९६२ च्या युद्धाबद्दल. आपण तेव्हा पाचवीत होतो. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि आठवड्याभरात दिवाळी आली. त्यानंतर शाळेत राष्ट्रीय संरक्षण निधी गोळा झाला ते बहुतेकांना आठवत असेल. कोणी खाऊचे पैसे दिले, कोणाच्या आईने कानातलं दिलं. बाईंनी मुलींना लोकरीचे मोजे विणायला बसवलं. प्रार्थनेनंतर गुरुजी बातम्या वाचून दाखवायचे आणि त्या बातम्यांतली गावं आपण नकाशात शोधायचो: तवांग, से ला, बोमडिला. मग एक दिवस बोमडिला पडल्याची बातमी आली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, आणि त्याच दिवशी आपल्या कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रीपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्या जिल्ह्यात घराघरांत गेलं. आपली छाती फुगली. त्या अभिमानाखाली एक प्रश्न मात्र दबून राहिला. हे झालं कसं?

या प्रश्नाचं उत्तर लिहिलं गेलं आहे. यशवंतरावांच्याच कारकिर्दीत, युद्ध संपल्यावर महिन्याभरात, नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी चौकशी समिती नेमली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत, असे दोन अधिकारी तिच्यात होते. त्यांनी कागदपत्रं तपासली, माणसांशी बोलले. मे १९६३ मध्ये अहवाल लष्करप्रमुखांकडे गेला, जुलैमध्ये तो यशवंतरावांच्या टेबलावर आला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, सेनापतित्वाची साखळी, जवानांची शारीरिक तयारी आणि अधिकाऱ्यांची कुवत, या मुद्द्यांवर समितीला काय दिसलं याचा सारांश त्यांनी सांगितला. अहवाल मात्र प्रसिद्ध करता येणार नाही म्हणाले. सुरक्षेला धोका पोहोचेल आणि सीमेवरच्या सैन्याच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, ही कारणं त्यांनी दिली.

त्या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली. अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही.

इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना मी एक विचारतो. तुम्ही आमच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायचा. लाल शाईने खुणा करायचा. आणि मग त्या परत द्यायचा, घरी दाखवून वडिलांची सही आणायला लावायचा. पेपर तपासायचा पण कधीच परत द्यायचा नाही, असं तुम्ही केलं असतं तर त्या परीक्षेचा उपयोग काय झाला असता? १९६२ च्या उत्तरपत्रिकेचं नेमकं तेच झालं आहे. ती तपासून झाली. मार्क देऊन झाले. आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. ज्यांनी तिची किंमत भरली त्यांना ती दाखवली नाही.

किंमत किती होती? सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ चीनच्या कैदेत पडले. बेपत्ता या शब्दाशी मी जरा थांबतो. मेल्याची तार आली की रडता येतं, दिवस घालता येतात. बेपत्ता म्हटल्यावर काय करायचं? कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं? आपल्याकडे फौजेत माणूस असलेल्या घरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक किंमत आहे, ती आकड्यांत येत नाही. लडाखमध्ये रेझांग ला या खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी मेजर शैतानसिंगांच्या हाताखाली होती. १८ नोव्हेंबरला सुमारे १२० जणांच्या त्या कंपनीतले ११० हून अधिक जण लढता लढता मेले. जे थोडे वाचले त्यांनी परत येऊन हकीकत सांगितली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. पुढच्या वर्षी बर्फ ओसरू लागल्यावर खिंडीत ती शरीरं सापडली. गोठलेली, मोर्च्यात तशीच, हातात हत्यारं. तेव्हा कुठे लोकांना पटलं. विचार करा, बर्फाने पुरावा जपून ठेवला म्हणून या माणसांवरचा डाग पुसला गेला. ज्यांचा पुरावा बर्फात राहिला नाही त्यांचं काय? नामका चू नदीच्या काठावर उन्हाळी सुती गणवेशात, जुन्या थ्री नॉट थ्री रायफली घेऊन उभ्या केलेल्या ब्रिगेडचं काय? आपल्या चावड्यांवर आणि पारांवर वर्षानुवर्षं काय बोललं गेलं? "आपलं सैन्य पळालं." कोणाच्या हुकुमावरून ते तिथे गेलं, कशाच्या भरवशावर गेलं, हे कागद बंद राहिले. मग दोष आपोआप खाली घरंगळत गेला, शिपायापर्यंत. गुप्ततेचा भार नेहमी सर्वांत खालचा माणूस वाहतो, हे माझं आजचं मुख्य म्हणणं आहे.

आता दुसरी बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. युद्धात गुप्तता लागते. पलटण कुठे आहे, दारूगोळा किती आहे, सांकेतिक लिपी काय, शत्रूच्या गोटातला आपला माणूस कोण, हे चव्हाट्यावर मांडणारा देश टिकत नाही. शिवाजी महाराजांच्या मुलखात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बहिर्जी नाईकाने आपले बेत गावजेवणात सांगितले असते तर काय झालं असतं? म्हणून लढाई चालू असताना "हे सांगता येणार नाही" असं सरकार म्हणालं, तर मी मुकाट्याने ऐकेन. चीनबरोबरची सीमा अजून ठरलेली नाही, हेही मला माहीत आहे.

पण गुप्ततेचे दोन प्रकार असतात आणि ते दिसायला सारखे असतात. एक देशाला जपते. दुसरी माणसांच्या अब्रूला जपते. पहिलीला मुदत असते, कारण धोका सरला की तिचं काम संपतं. दुसरीला मुदत नसते, कारण अब्रू कायम जपावीशी वाटते. कागदावर दोन्हींचा शिक्का एकच असतो. त्यामुळे कोणती कुठली हे ओळखायला आपल्याकडे एकच कसोटी उरते: किती वर्षं झाली?

आणि १९६२ मध्ये गुप्तता हल्ल्यानंतर सुरू झाली नाही, ती आधीपासून होती. अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधला. ऑक्टोबर १९५८ मध्ये आपल्या सरकारने चीनकडे त्याबद्दल लेखी विचारणाही केली. संसदेला ही गोष्ट कळली ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, लोंगजूला गोळीबार झाल्यावर. पंडितजींचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. बोभाटा न करता बोलणी करून प्रश्न सुटेल, अशी त्यांची आशा असावी. पण झालं उलटं. लोकांना एकदम कळलं, ते संतापले, फसवल्यासारखं वाटलं. सप्टेंबर १९५९ पासून श्वेतपत्रिका निघू लागल्या आणि सगळा पत्रव्यवहार लोकांसमोर आला. त्यानंतर कुठलीही तडजोड म्हणजे शरणागती, असं वातावरण तयार झालं. आधी लपवल्यामुळे पुढे हातच बांधले गेले. त्याच ऑगस्ट १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्यामुळे राजीनामा दिला. पंडितजींनी तो मागे घ्यायला लावला आणि संसदेत प्रकरण किरकोळ असल्यासारखं सांगितलं. धोक्याची घंटा वाजली होती, तिचा लोळा काढून ठेवला गेला. याच मेननना १९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईने आचार्य कृपलानींच्या विरोधात मोठ्या मतांनी निवडून दिलं. मतदारांना तेव्हा काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, हा प्रश्न आपल्या राज्याशीही असा जोडलेला आहे.

१२ ऑक्टोबर १९६२ ला कोलंबोला जाता जाता पंडितजींनी पत्रकारांना सांगितलं की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. आठ दिवसांनी हल्ला झाला. त्या आठ दिवसांत नामका चूच्या काठावरच्या ब्रिगेडची अवस्था काय होती, हे तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी पुढे 'हिमालयन ब्लंडर' या १९६९ च्या पुस्तकात सांगितलं. स्वतः चीनच्या कैदेत राहून आलेला माणूस तो. राजधानीत बोललेलं एक वाक्य आणि दरीत थंडीने कुडकुडणारा शिपाई, यांच्यातलं अंतर मोजायला चौकशी लागते. ती झाली. मोजमाप कपाटात राहिलं.

पंडितजींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. युद्ध चालू असताना विरोधकांनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली, त्यांत तरुण अटलबिहारी वाजपेयी होते. पंडितजींनी ती मानली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं. बैठक बंद दाराआड घ्यावी अशी सूचना आली, ती त्यांनी नाकारली. दीडशेहून जास्त सदस्य बोलले. त्यांतले अनेक सरकारवर कडाडून तुटून पडले, आणि शत्रू तेव्हा आपल्या हद्दीत उभा होता. देश त्यामुळे दुबळा झाला का? उलट लोकांनी दागिने काढून दिले. आता अलीकडचं पाहा. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. संरक्षणमंत्र्यांनी पुढे संसदेत निवेदनं केली. पण १९६२ सारखी भरपूर, उघड चर्चा झाली नाही. १९६२ चं सरकार हरलं होतं, तरी त्या एका बाबतीत ते आजच्यापेक्षा मोकळं होतं.

आता अहवालाच्या पुढच्या प्रवासाकडे येऊ. पंचवीस वर्षं झालेले सरकारी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत, असा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ साली झाला. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात आधी आला, राळेगण सिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, आणि २००५ मध्ये देशभर आला. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या कायद्याखाली अहवाल मागितला. २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की अहवाल अत्यंत संवेदनशील आहे आणि आजही लष्करी कारवायांच्या दृष्टीने त्याला महत्त्व आहे. मार्च २०१४ मध्ये विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी अहवाल खुला करण्याच्या बाजूने लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात सरकार बदललं, जेटली संरक्षणमंत्री झाले, आणि जुलैत त्यांनी राज्यसभेत सांगितलं की अहवाल खुला करणं देशहिताचं नाही. चार महिन्यांत अहवालातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलली होती ती बसायची बाजू. दोन्ही पक्षांची नावं मी घेतली, म्हणजे संयोजकांची अट पाळली गेली.

गंमत अशी की यातला मोठा भाग आता गुप्त राहिलेलाच नाही. नेव्हिल मॅक्सवेल नावाच्या पत्रकाराच्या हाती अहवाल लागला होता. त्याच्या आधारे त्याने १९७० साली या युद्धावर पुस्तक लिहिलं आणि २०१४ मध्ये पहिल्या खंडाचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. मॅक्सवेलची मतं एकांगी आहेत असं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. पण अहवालाची पानं ही त्याची मतं नाहीत. म्हणजे ज्या शत्रूपासून हा कागद लपवायचा, तो आज बीजिंगमध्ये बसून तो वाचू शकतो. आणि आपल्या सैनिकांच्या मुलांना मात्र सरकार म्हणतं, "नाही, तो गुप्त आहे."

त्या पानांत काय आहे याचा एकच नमुना देतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये वरिष्ठ पातळीवर बैठक झाली आणि सीमेवर पुढे पुढे ठाणी उभारण्याचं ठरलं. यालाच पुढे फॉरवर्ड पॉलिसी म्हणतात. त्या निर्णयाला एक अट जोडलेली होती: पुढच्या ठाण्यांच्या पाठीशी, मागे, मोठ्या सैन्याचे पक्के तळ असावेत. लष्करी मुख्यालयातून खाली आदेश गेले तेव्हा ही अटच त्यातून गळाली. पुढे जायचा हुकूम गेला, पाठबळाचा गेला नाही. एक परिच्छेद वगळला गेला आणि त्याची किंमत डोंगरात बसलेल्या दहा-वीस जणांच्या ठाण्यांनी मोजली. हे वाचून देशाच्या सुरक्षेला धोका कसा पोहोचतो? उलट आज एखाद्या कचेरीत बसून आदेशाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने हे पान रोज वाचावं.

आणि समितीलाही मर्यादा होती. तिचं काम लष्करी कारवायांपुरतं ठेवलं होतं. पंतप्रधान, संरक्षणमंत्री, मंत्रालय यांनी घेतलेले निर्णय तिच्या कक्षेत नव्हते. म्हणजे प्रश्नपत्रिकाच अर्धी काढली होती आणि अर्ध्या प्रश्नपत्रिकेचीही उत्तरं लपवली. सरकारने या युद्धाचा अधिकृत इतिहासही लिहून घेतला, १९९२ मध्ये तो तयार झाला. त्याच्या लेखकांपैकी एक आपल्या पुण्याचे कर्नल अनिल आठले. तोही सरकारने रीतसर प्रकाशित केला नाही.

"मग काय करावं?" असं कोणी विचारेल. दोन उदाहरणं देतो. पहिलं आपलंच आहे. कारगिलचं युद्ध १९९९ च्या जुलैत संपलं. वाजपेयी सरकारने त्याच महिन्यात के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेत ठेवला गेला आणि पुस्तकरूपानेही निघाला. सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक मजकूर तेवढा वगळला. त्यावर टीका झाली, वगळलेल्या भागाबद्दल वाद झाला. पण सामान्य माणूस दुकानातून तो अहवाल विकत घेऊ शकला. आकाश कोसळलं नाही.

दुसरं उदाहरण जुनं आहे आणि ते आपल्या गावांपर्यंत येतं. आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांच्या चावडीवर किंवा देवळापाशी संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसं १९१४ च्या महायुद्धात गेली, त्यांतली इतकी कामी आली, असा मजकूर तिच्यावर असतो. त्यांतली बरीच गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी "बसऱ्याची लढाई" असे ती. पुण्याची सहावी डिव्हिजन, तिच्यात मराठ्यांच्या पलटणी. पुरेशा बोटी नाहीत, औषधं नाहीत, रसद नाही, अशा अवस्थेत त्यांना बगदादच्या दिशेने पिटाळलं. डिसेंबर १९१५ पासून ते कूटला वेढ्यात सापडले. उपासमार झाली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांना शरण गेली. जखमींना बसऱ्याला कसं आणलं जात होतं, हे मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने पाहिलं आणि वर लिहून कळवलं. वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. इथपर्यंतची गोष्ट ओळखीची वाटते.

पुढची तशी नाही. ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महायुद्ध तेव्हा पेटलेलं होतं, मेसोपोटेमियात सैन्य लढत होतं. तरी व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती डफ, जनरल निक्सन यांची नावं घेऊन दोष मांडले गेले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यावर व्यक्तिशः मोठा ठपका नव्हता. तरी खातं माझं, म्हणून जबाबदारी माझी, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला.

इंग्रजांचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. ते राज्य आपलं नव्हतं, आपल्याला मत नव्हतं, आणि कूटच्या मराठी शिपायाच्या विधवेला तो अहवाल वाचून दाखवायला कोणी गेलं नसणार. पण एवढं लक्षात घ्या. परकीय साम्राज्याने, ऐन युद्धात, आयोग नेमल्यापासून वर्षाच्या आत, आपल्या पराभवाचा हिशोब छापला. आणि आपल्याच प्रजासत्ताकाला, शांततेच्या काळात, साठ वर्षांत ते जमलेलं नाही. सातारच्या शिपायाच्या मरणाचा हिशोब लंडनला द्यावासा वाटला आणि दिल्लीला वाटत नाही, हे मला बोचतं. पक्ष कोणताही असो.

यशवंतरावांबद्दल एक शब्द. आपण त्यांच्या जिल्ह्याचे, आपल्याला त्यांचा अभिमान आहे आणि असावा. मोडलेलं सैन्य त्यांनी उभं केलं. १९६५ च्या युद्धात त्याचं फळ दिसलं. १९६३ मध्ये, पराभवाला वर्षही झालं नसताना, अहवाल न छापण्याचा त्यांचा निर्णय मी समजू शकतो. सैन्य सावरत होतं. पण त्यांनी वेळेपुरतं लावलेलं कुलूप पुढच्या सगळ्यांनी वारशासारखं जपलं. त्यांच्या नावाचा मान राखायचा तर तो अहवाल आता उघडला पाहिजे. त्यांनी काय दाबलं आणि काय सांगितलं, हे तेव्हाच कळेल. मला वाटतं, त्यात त्यांचं मोठेपण कमी होणार नाही.

२०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं आहे. युद्धांचे इतिहास पाच वर्षांत लिहून व्हावेत आणि कागद सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत. चांगली गोष्ट आहे, मी तिचं स्वागत करतो. १९६२ चे कागद त्या हिशोबाने १९८८ च्या सुमारास खुले व्हायला हवे होते.

आता आपण सत्तरीच्या पुढची माणसं काय करणार? मोर्चे काढायचं वय नाही, गुडघे तयार नाहीत. पण तीन कामं आपल्या हातातली आहेत. एक, आपल्या शाळेच्या ग्रंथालयात कारगिल समितीचा अहवाल, नोव्हेंबर १९६२ च्या संसदीय चर्चा आणि या युद्धावरची चारही बाजूंची पुस्तकं ठेवायची. त्याचा खर्च आपल्या तुकडीने उचलावा असं मी सुचवतो, माझा वाटा मी आजच देतो. दोन, तालुक्यात १९६२ आणि १९६५ लढलेले जवान अजून आहेत, ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातले. नववीच्या मुलांनी त्यांच्याकडे जावं आणि त्यांचं बोलणं लिहून घ्यावं. कागद उघडेपर्यंत ही माणसं थांबणार नाहीत. आणि तीन, मत मागायला जो कोणी दारात येईल, त्याला रस्ता आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारायचा: साठ वर्षांपूर्वीचा अहवाल उघडायला तुमचा पाठिंबा आहे का? तो म्हणेल, "काका, हे आता कशाला?" तेव्हा त्याला शांतपणे सांगायचं की आमची पोरं, नातवंडं अजून फौजेत आहेत. मागच्या वेळी काय चुकलं हे ज्यांना कोणी सांगत नाही, त्यांना पुढच्या वेळी कोणाच्या भरवशावर पाठवायचं?

सर, बाई, तुम्ही आम्हाला उत्तर चुकलं म्हणून कधी वर्गाबाहेर काढलं नाहीत. उत्तरपत्रिका लपवली म्हणून मात्र छडी मिळायची. एवढा साधा न्याय देशाच्या कारभारातही यावा, एवढंच माझं मागणं आहे.